दर पावसाळ्यात कानाला दडा बसतो, तो मळाचाच असतो का?

तुम्ही लिहिलेलं आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजलो ते तुम्हालाही कळेल. वय ३८, राहायला कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत, शिरोलीच्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात नोकरी, सकाळी पंचगंगेत पोहायची सवय. गेली तीन वर्षं जुलै आला की उजव्या कानाला दडा बसतो, आत खाज सुटते, एखाद्या दिवशी उशीला पातळ पाणी लागलेलं दिसतं. आई लसूण घालून कढवलेलं तेल सोडतात, त्यानं दोन दिवस बरं. मेडिकलमधून ड्रॉप आणला, त्यानं चार दिवस बरं. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आईंना शुगर आहे आणि त्यांचाही कान अधूनमधून दुखतो, तेव्हा त्याही त्याच बाटलीतला ड्रॉप घालतात. आणि तुमचे मुख्य प्रश्न तीन: मशीननं मळ काढून घेऊ का, चांगला ड्रॉप कुठला, आणि पोहणं कायमचं बंद करावं लागेल का.

कान बघितल्याशिवाय कुठलाही डॉक्टर छातीठोक सांगू शकत नाही, पण तुमच्या वर्णनात मळाच्या खुणा कमी आणि बुरशीच्या जास्त आहेत. नुसत्या मळाचा दडा असेल तर माणूस म्हणतो, ‘आंघोळ केली आणि एकदम कान बंद झाला.’ सुकलेला मळ पाण्यानं फुगतो आणि उरलीसुरली फट बुजवतो, म्हणून तसं होतं. खाज फारशी नसते, पाणी तर येतच नाही. तुमच्याकडे खाज आहे, पाणी आहे, ऋतू ठरलेला आहे आणि औषधानं चार दिवस बरं वाटून पुन्हा तेच आहे. कोल्हापुरात कान-नाक-घशाचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, जुलै ते सप्टेंबर ओपीडीत असल्या कानांची रांग असते.

तेव्हा ‘मळ कसा काढू’ यापेक्षा ‘माझ्या कानाची कातडी सारखी ओली आणि दुखावलेली का राहते’ हा तुमचा खरा प्रश्न आहे. त्यासाठी कान आतून कसा असतो ते थोडं समजून घ्या.

मोठ्या माणसात कानाची नळी साधारण २.५ सेंटीमीटर लांब असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ, लवचिक हाडाचा. तिथं बारीक केस असतात आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा. तिथं ना केस, ना ग्रंथी. कातडी इतकी पातळ की ती हाडाच्या आवरणाला जवळजवळ चिकटलेली असते, म्हणून तिथं जरा काही लागलं की डोळ्यांतून पाणी येतं. मळ फक्त बाहेरच्या भागात तयार होतो. पडद्याजवळ मळाचा गोळा सापडला, तर तो तिथं कुणीतरी ढकललेला असतो. बहुतेक वेळा कापसाच्या बडनं.

कानाची कातडी स्वतःची साफसफाई स्वतः करते. पडद्याच्या मध्यापासून ती हळूहळू बाहेरच्या दिशेनं सरकत असते, दिवसाला मिलिमीटरचा दहावा भाग किंवा त्याहून कमी. बोलताना, चावताना जबडा हलतो त्याचीही मदत होते. त्यासोबत जुना मळ आणि धूळ बाहेर येऊन पडते. मळ किंचित आम्लधर्मी आणि तेलकट असतो. पाणी त्यावरून निथळतं, आणि त्या आम्लामुळे जंतू आणि बुरशी सहजासहजी वाढत नाहीत. कान ‘स्वच्छ’ दिसावा म्हणून आपण हे सगळं रोज पुसून काढतो. चाळिशीतला टापटीप माणूस, रोज आंघोळीनंतर दोन्ही कानांत बड फिरवणारा, हा माझा बुरशीचा ठरलेला पेशंट. ज्याला कानाची अजिबात पर्वा नाही तो सहसा माझ्याकडे येतच नाही.

आता त्यात आपल्याकडचा पावसाळा धरा. हवेत दमटपणा, डोक्यावर हेल्मेट किंवा कानटोपी, केस दिवसभर ओलसर, आणि तुमच्या बाबतीत वर नदीतलं पोहणं. मळाचा थर निघून गेलेल्या कातडीत पाणी मुरतं, ती फुगते, तिला खाज सुटते. खाज सुटली की हात आपोआप बड, काडी, गाडीची चावी, नाहीतर बायकोची केसाची पिन शोधतो. त्यानं बारीक ओरखडे पडतात. ओरखड्यातून पाझरलेलं पाणी, मेलेली कातडी आणि नळीतली ऊब मिळाली की बुरशीला आणखी काही लागत नाही. खाजवल्यानं जी दोन मिनिटं सुख वाटतं, त्यातूनच पुढच्या चार दिवसांची खाज तयार होते.

सूक्ष्मदर्शकाखाली असा कान बघितला की ओळखायला वेळ लागत नाही. नळीत भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा करडा-पांढरा थर भरलेला असतो. त्यावर पांढरे बारीक तंतू उभे, आणि तंतूंच्या टोकाला टाचणीच्या डोक्याहून लहान काळे ठिपके. ही ॲस्परजिलस नायजर नावाची बुरशी. दुसरी नेहमीची म्हणजे कॅन्डिडा, ती काळी दिसत नाही, दह्यासारखी पांढरी असते. थर उचलला की खाली कातडी लालभडक. हल्ली आम्ही हे पेशंटला समोरच्या स्क्रीनवर दाखवतो, आणि एरवी कितीही सांगून न सुटणारे बड त्या दिवशी सुटतात.

आईंच्या तेलाबद्दल. त्यांना लगेच वाईट ठरवू नका. तेलाला कानात जागा आहे, पण ती फार थोडी आहे. पडदा शाबूत असेल आणि मळ कडक झाला असेल, तर तो मऊ करायला तेल चालतं. रात्री कानात जिवंत किडा गेला आणि आत फडफडतोय, तर कोमट खोबरेल तेलाचे थेंब सोडून त्याला आधी शांत करणं हा चांगला घरगुती उपाय आहे. नंतर दवाखान्यात येऊन काढून घ्यायचा. (लहान मुलानं हरभरा नाहीतर ज्वारीचा दाणा घातला असेल तर मात्र तेल-पाणी काही नको. दाणा भिजून फुगतो आणि मग काढताना पोराचाही जीव जातो आणि आमचाही.) पण खाजणाऱ्या, पाझरणाऱ्या कानात तेल म्हणजे ओलाव्यावर झाकण. कोरड्या कातडीला तात्पुरता वंगणाचा आराम मिळतो, तेच तुमचे ‘दोन दिवस बरे’. मग त्यावर फौंड्रीतली धूळ बसते, थर जाड होतो, हवा लागत नाही. लसणाचं वेगळं. कच्च्या लसणाचा रस साध्या हातावर बांधून ठेवला तरी फोड येतो, तर कानाच्या पातळ कातडीचं काय होत असेल. आणि ‘कोमट’ तेल किती कोमट हे ज्यानं वाटी धरली त्याच्या बोटाला कळतं, कानाला नाही. तेलानं भाजलेले कान दर वर्षी बघतो.

आता तुमच्या ड्रॉपकडे येतो, कारण खरी गोम तिथं आहे. घरी जाऊन बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. नव्वद टक्के शक्यता अशी की निओमायसिन किंवा जेंटामायसिन असं एक नाव असेल आणि सोबत बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन. पहिलं प्रतिजैविक, दुसरं स्टेरॉइड. स्टेरॉइडनं सूज आणि खाज लगेच उतरते, म्हणून चार दिवस बरं वाटतं. पण प्रतिजैविकानं कानातले साधे, बुरशीला वचकून ठेवणारे जंतूही मरतात, आणि स्टेरॉइडनं कातडीची प्रतिकारशक्ती दबते. बुरशीला मोकळं रान मिळतं. पाचव्या-सहाव्या दिवशी खाज दुप्पट होते, तुम्ही तोच ड्रॉप पुन्हा घालता. याशिवाय निओमायसिनची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते. त्यात कानाची पाळी आणि खालची मानसुद्धा लाल होऊन खाजते, आणि माणूस म्हणतो, ‘इन्फेक्शन पसरलं.’

मेडिकलवाल्याचा दोष नाही म्हणत मी. ‘कानाचा ड्रॉप द्या’ म्हटल्यावर तो कानाचा ड्रॉप देतो. त्यानं कान बघितलेला नसतो.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, कान साफ करून घ्या, पण डॉक्टरकडून, सूक्ष्मदर्शक किंवा दुर्बिणीखाली, सक्शननं. बुरशीच्या कानात उपचाराचा अर्धा भाग हाच आहे. थर तसाच ठेवून वरून कितीही औषध घातलं तरी ते कातडीपर्यंत पोचत नाही. पिचकारीनं पाणी मारून बुरशी काढणं मला पटत नाही, कारण जो ओलावा घालवायचाय तोच आपण आत सोडतो. स्टँडवर, जत्रेत लाल फडकं बांधून बसलेल्या कान साफ करणाऱ्यांकडे तर अजिबात नको. तो कानातून जो खडा काढून दाखवतो तो बहुतेक वेळा त्याच्या बोटातूनच आलेला असतो. मोबाईलला जोडायचं कॅमेऱ्याचं कानकोरणं हल्ली घरोघरी आलंय. स्क्रीनवर सगळं दिसतं म्हणून हिंमत वाढते, पण खोली कळत नाही, आणि शेजारून पोरगं धडकलं की टोक सरळ पडद्यात.

दुसरा प्रश्न, चांगला ड्रॉप कुठला. सफाईनंतर बुरशीसाठी मी बहुतेकांना १ टक्का क्लोट्रिमॅझोलचे थेंब देतो. किती दिवस, हे कान किती खराब आहे त्यावर आहे, पण साधारण दोन ते तीन आठवडे धरा. इथंच बहुतेकांचं चुकतं. खाज तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबते, बाटली फ्रिजवर जाते, आणि कातडीत शिल्लक राहिलेली बुरशी गणपतीपर्यंत पुन्हा उभी राहते. आठवड्यानं एकदा परत दाखवायला या म्हणतो ते केसपेपरवर दुसरी नोंद करायची हौस म्हणून नाही. निम्म्या कानांना दुसऱ्यांदा सक्शन लागतंच. बाजारात क्लोट्रिमॅझोल, प्रतिजैविक, स्टेरॉइड आणि भूल देणारं औषध असं चारही एकात असलेले ड्रॉप मिळतात. सूज फार असेल, जंतूही सोबत असतील, तर काही दिवस मीही ते देतो. स्वतःच्या मनानं महिनाभर घालायचं ते औषध नव्हे.

थेंब घालायची पद्धत कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. बाटली दोन-तीन मिनिटं मुठीत धरून अंगाच्या उबेला आणा. थंड थेंब थेट गेले तर गरगरतं. कुशीवर झोपा, दुखणारा कान वर. कानाची पाळी वर आणि मागे ओढली की नळी सरळ होते. चार-पाच थेंब नळीच्या भिंतीवरून सोडा, बरोबर मध्ये टाकले तर खाली हवेचा फुगा अडकतो आणि औषध वरच तरंगतं. मग कानाच्या तोंडाशी जो बारीक कूर्चेचा उंचवटा असतो तो बोटानं चार वेळा दाबून सोडा. पाच मिनिटं तसंच पडून राहा. नंतर बाहेर आलेलं पुसून टाका, आत कापूस कोंबून ठेवू नका.

इथवरचं थोडक्यात: तेल बंद, बड बंद, जुना ड्रॉप बंद, सफाई करून घ्यायची, बुरशीचं औषध पूर्ण मुदत घालायचं, कान कोरडा. पण हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे तुमचा पडदा शाबूत आहे का.

लहानपणी कान फुटायचा का, हे आईंना विचारा. सर्दी झाली की कानातून चिकट पू यायचा, शाळेत असताना महिनोन् महिने कानात कापूस असायचा, असं काही असेल तर पडद्याला भोक असू शकतं. आपल्याकडे हे फार सापडतं. भोक असेल तर गणित बदलतं. मग पाण्यातली घाण थेट मधल्या कानात जाते. जेंटामायसिन, निओमायसिनसारखी औषधं आतल्या कानाच्या नसेला इजा करू शकतात, म्हणून तिथं सिप्रोफ्लोक्सासिन किंवा ऑफ्लोक्सासिनचे थेंब वापरतो. तेल, पिचकारी, हायड्रोजन पेरॉक्साईड, सगळं बाद. आणि येणारं पाणी थोडंच पण कुजकट वासाचं असेल, तर एक दिवसही घरी थांबू नका. कोलेस्टिॲटोमा नावाचा प्रकार असतो. पडद्याच्या खाचेत कातडी साठत जाते आणि आजूबाजूचं हाड कुरतडते. त्याला ऑपरेशनच लागतं, ड्रॉपनं तो जात नाही. तुमच्या वर्णनात तसं काही नाही, तरी वासाचा उल्लेख तुम्ही केलेला नाही म्हणून लिहितो.

आणि समजा बघितल्यावर निघाला साधा मळच, तर काम सोपं. कडक असेल तर चार-पाच दिवस सोडियम बायकार्बोनेटचे थेंब, मग सक्शन किंवा अंगाइतक्या कोमट पाण्याची पिचकारी. पाणी थंड किंवा जास्त गरम असेल तर आतल्या कानाचं तोल सांभाळणारं यंत्र बिथरतं आणि खुर्चीवरच चक्कर येते. थेंब घातल्यावर पहिले दोन दिवस दडा वाढल्यासारखा वाटेल, तेव्हा घाबरू नका, मळ फुगतोय इतकंच.

आईंबद्दल मात्र मला तुमच्यापेक्षा जास्त काळजी वाटते. शुगर असलेल्या वयस्कर माणसाचा कान दुखतोय, तोही रात्री झोप मोडेल इतका ठणका, आणि आठ-दहा दिवस थेंब घालूनही कमी नाही, तर तो साधा कान समजू नका. स्यूडोमोनास नावाचा जंतू अशा माणसांत कानाच्या नळीतून कवटीच्या तळाच्या हाडात शिरतो. क्वचित बुरशीही तेच करते. पुढे चेहऱ्याची नस सापडली की तोंड वाकडं होतं, आणि घरचे ‘पॅरालिसिस झाला’ म्हणून दुसरीकडेच पळतात. उपचार आहे, पण तो आठवड्यांचा असतो आणि लवकर सुरू झाला तरच सोपा जातो. त्यांची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासा, शक्य तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसीही, आणि तुमच्यासोबत त्यांचाही कान दाखवा. आणि एकच बाटली दोघांत फिरवू नका. टोक एकाच्या कानाला लागतं आणि दुसऱ्याच्या कानात जातं. तुमची स्वतःची साखर शेवटची कधी तपासली तेही तुम्ही लिहिलेलं नाही. दर वर्षी परतून येणारी बुरशी हे साखर तपासायला पुरेसं कारण आहे.

‘दडा बसला’ या एका तक्रारीखाली आणखी एक गोष्ट लपते, आणि ती उशिरा आली की मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते. सकाळी उठल्यावर एक कान एकदम बंद, सोबत शूं आवाज, कधी चक्कर, पण खाज नाही, दुखणं नाही, पाणी नाही. माणूस मळ समजून तेल घालतो, पंधरा दिवस वाट बघतो. प्रत्यक्षात आतल्या कानाची नस अचानक बसलेली असते. यात स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या काही दिवसांत सुरू झाल्या तर ऐकू परत येण्याची शक्यता चांगली असते. दोन आठवडे उलटले की ती बरीच घटते. घरच्या घरी अंदाज घ्यायची युक्ती सांगतो. तोंड मिटून ‘हम्म’ असा लांब आवाज काढा. तो बंद कानात मोठा ऐकू आला तर अडथळा बहुतेक नळीत किंवा मधल्या कानात आहे: मळ, बुरशी, सर्दी. चांगल्या कानात मोठा ऐकू आला तर नस गेल्याची शंका घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आम्ही दवाखान्यात चिमट्यासारख्या कंपन-काट्यानं हीच परीक्षा करतो. तुम्ही हे आत्ता करून बघा. तुमच्या बाबतीत आवाज उजव्या कानात मोठा यायला हवा.

फौंड्रीविषयी. कास्टिंग झाडणं, ग्राइंडिंग, याचा आवाज कमी नसतो. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तुम्ही त्या घरात आहात असं समजा. तुम्ही फोमचे प्लग घालत असाल तर ते वाळूनं माखलेल्या हातांनी पिळून आत जातात आणि घामानं दिवसभर ओले राहतात. बुरशीला तेही चालतं. म्हणून उपचार चालू असेपर्यंत प्लगऐवजी बाहेरून बसणारे इअरमफ मागून घ्या. पण काही झालं तरी कान उघडे ठेवून काम करू नका. बुरशी तीन आठवड्यांत जाईल, आवाजानं गेलेली नस परत येत नाही. इचलकरंजीत मागावर आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्यांशी बोलताना ते कळतं. कानात घुसवायचे इअरफोनही तेवढे दिवस नकोत, आणि ते मित्राला द्यायचे-घ्यायचे तर कधीच नकोत.

डोक्यात कोंडा आहे का? कोंड्याचीच खवले पडणारी कातडी कानातही होते आणि पाऊस नसतानाही खाज देते. असेल तर डोक्याचा इलाज केल्याशिवाय कान पूर्ण शांत होणार नाही.

आता पोहणं. कायमचं सोडायची गरज नाही, पण बुरशी पूर्ण गेली असं डॉक्टरनं कान बघून सांगेपर्यंत नको, आणि पुढे महापुराच्या दिवसांत तर नकोच. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या सगळ्यांचं पाणी पंचगंगेत येतं. पावसाळ्यात ते गढूळ असतं आणि शहरातलं काय काय त्यात मिसळतं हे तुम्ही घाटावर उभे राहून रोज बघताच. माझ्या पेशंटना मी दिवाळीच्या सुमारास पाणी निवळलं की पुन्हा उतरा म्हणतो. पडदा शाबूत असेल तर त्यानंतर सूर मारायलाही हरकत नाही. भोक असेल तर ते बंद करून घेईपर्यंत, सिलिकॉनचे पोहण्याचे प्लग आणि वरून टोपी असली तरच, आणि डोकं वर ठेवून.

बाहेर आल्यावर डोकं एका बाजूला कलंडवून पाळी ओढा, पाणी आपोआप गळेल. टॉवेलचं टोक फक्त बाहेरच्या खळग्यात फिरवा. केस वाळवायचं मशीन घरात असेल तर गार हवेवर, हातभर लांब धरून अर्धा मिनिट. घरी डोक्यावरून आंघोळ करताना कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन चोळून तो कानाच्या तोंडाशी ठेवा आणि आंघोळ झाली की लगेच काढा. हेल्मेटचं आतलं अस्तर पावसाळ्यात रोज उन्हात टाकणं शक्य नाही, पण निदान रात्री पंख्याखाली उलटं ठेवा.

ता. क. तुम्ही शेवटी विचारलंय की तुमचा पुतण्या तालमीत जातो, त्याचा कान सुजून निळसर झालाय, त्यालाही हाच ड्रॉप चालेल का. नाही. ते वेगळंच आहे. डाव लागताना कान घासला-चेपला जातो आणि कूर्चा व तिच्यावरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठतं. कूर्चेला रक्त मिळतं ते त्या आवरणातूनच. रक्त तसंच राहिलं की कूर्चा मरते, तिथं गाठीगाठी होतात आणि मोडलेला कान तयार होतो. गंगावेशीपासून मोतीबागेपर्यंतच्या तालमींत मोडका कान हा पैलवानकीचा दाखला मानतात. वस्ताद मंडळींशी त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, मी घालतही नाही. पण पोराला तो नको असेल तर सुजल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत आणा. बारीक छेद देऊन रक्त काढतो, आवरण पुन्हा कूर्चेला बसावं म्हणून टाके आणि घट्ट पट्टी घालतो, आणि दोन आठवडे आखाड्यात उतरू देत नाही. घरी सुई टोचून रक्त काढू नका. कूर्चेत जंतू गेले तर आख्खा कान आकसतो.

सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, किंवा जवळच्या कुठल्याही कानाच्या डॉक्टरकडे जाताना तुमची आणि आईंची ड्रॉपची बाटली, आणि आईंचे साखरेचे जुने रिपोर्ट बरोबर न्या. जायच्या आधी दोन दिवस कानात काही घालू नका, तेलानं भरलेल्या कानात आम्हाला तेलच दिसतं.